भायखळ्याला पुरस्कार मिळाला. पन्हळ कोण साफ करणार?

२०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या भायखळा स्थानकाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी शेजारी लावून फिरले, दोन दिवस कौतुक झालं आणि विषय संपला. काम कौतुकाचंच होतं. २०१९ मध्ये सुरू झालेलं, टाळेबंदीत रेंगाळलेलं हे काम संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली २०२२ मध्ये पुरं झालं. पैसा बजाज समूहाच्या ट्रस्टचा होता. वर्षानुवर्षं चढलेले रंगाचे थर उतरवून दगड मोकळा केला, लाकूडकाम आणि खिडक्या दुरुस्त झाल्या. दगडी भिंतीला ऑइलपेंट फासला की स्टेशन स्वच्छ झालं, असं मानणाऱ्या शहरात एवढं होऊ शकलं हे पुष्कळ आहे.

प्रश्न त्यानंतरचा आहे. या इमारतीत रोज पहाटे चारपासून रात्री एकपर्यंत लोकल थांबतात. दरवर्षी चार महिने पाऊस तिला झोडपतो. अशा इमारतीला एकदा नीट केलं आणि सोडून दिलं, असं चालत नाही. आमचं म्हणणं असं, की उपनगरी स्थानकांचा वारसा मोठ्या जीर्णोद्धाराने टिकत नाही, तो टिकतो वार्षिक देखभालीच्या कंत्राटात काय लिहिलंय त्यावर. आणि आज त्या कंत्राटात जे लिहिलेलं असतं, तेच या इमारतींचं सगळ्यात जास्त नुकसान करतं. गर्दीने, धुराने, पानाच्या पिचकाऱ्यांनी होणारं नुकसान त्यामानाने किरकोळ.

आधी थोडा इतिहास, कारण जपायचं काय हे त्याशिवाय ठरत नाही. नाना शंकरशेठ, जमशेटजी जिजीभॉय यांच्यासारख्यांनी १८४५ पासून रेल्वेचा पाठपुरावा केला, १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे म्हणजे जीआयपी कंपनी कायद्याने उभी राहिली, जेम्स बर्कली मुख्य इंजिनिअर म्हणून आला आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी १४ डबे ओढत ठाणे गाठलं. अंतर ३४ किलोमीटर. हे सगळं शाळेत पाठ झालेलं असतं. त्या पहिल्या दिवशीच्या वास्तूंपैकी काय उरलं, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. बोरीबंदरचं पहिलं स्थानक गेलं. तिथे फ्रेडरिक स्टीव्हन्सचं व्हिक्टोरिया टर्मिनस उभं राहिलं. ठाण्याचं पहिलं स्थानकही गेलं, फक्त मान राहिला. भायखळ्याची मूळची लाकडी इमारतही गेली, पण तिच्या जागी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेली दगडी इमारत आजही त्याच कामासाठी वापरात आहे. तिकीट, प्रतीक्षा, फलाट. पहिल्या मार्गावरचं एवढं जुनं आणि चालू स्थितीतलं स्थानक हाताच्या बोटावर मोजावं असं.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची गोष्ट वेगळी. ते २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, मध्य रेल्वेचं मुख्यालय तिथेच आहे, साहेब लोक रोज त्याच जिन्याने वर चढतात. तिथलं दगडी शिल्प निखळलं तर दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. सीएसएमटीपासून तिसऱ्या स्टेशनावर, भायखळ्याला, किंवा हार्बर मार्गावरच्या रे रोडला, किंवा तिकडे पश्चिम रेल्वेच्या वांद्र्याला, कळसाचा एक तुकडा पडला तर झाडूवाला तो कचऱ्यात टाकतो. ही तिन्ही स्थानकं मुंबईच्या वारसा यादीत आहेत. यादीत असण्याचा आणि सांभाळलं जाण्याचा संबंध किती, ते पुढे बघू.

आता भिंतीकडे जवळून बघा. दोन दगडांच्या मधला सांधा बघा. मुंबईतल्या जुन्या रेल्वे इमारती काळ्या बेसॉल्टच्या, कुठे मालाडच्या पिवळसर दगडाच्या, कोरीवकामाला पोरबंदरी दगड. आणि हे सगळं बांधलंय चुन्यात. चुन्याचा सांधा मुद्दाम दगडापेक्षा कमजोर ठेवलेला असतो. भिंत ऊन-पावसात किंचित हलते, गाडी गेली की थरथरते, ते हलणं सांधा सोसतो. भिंतीत शिरलेलं पाणीही सांध्यावाटे बाहेर पडून सुकतं. चुना झिजतो, काही दशकांनी तो पुन्हा भरायचा असतो, आणि दगड शाबूत राहतो. रचनाच तशी आहे.

देखभालीचा गवंडी येतो आणि ते सांधे सिमेंटने भरतो. सिमेंट दगडाइतकं किंवा त्याहून कडक, आणि पाणी सोडत नाही. मग आतलं पाणी सांध्याऐवजी दगडाच्या तोंडातून बाहेर यायला लागतं, सोबत क्षार आणतं, पृष्ठभागाच्या मागे ते क्षार जमून फुगतात आणि दगडाला लोणा लागतो, पोपडे सुटतात. मालाडच्या आणि पोरबंदरी दगडावर हे काही वर्षांत डोळ्यांना दिसतं. बेसॉल्ट टिकाऊ, त्यामुळे तिथे उशिरा दिसतं, पण सिमेंटच्या कडेने केसासारखी भेग पडते, त्यातून पाणी आत जातं आणि बाहेर यायची वाट बंद. आतल्या बाजूला तिकीटघराच्या भिंतीला ओल आली की त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. दुसऱ्या वर्षी पुन्हा ओल, पुन्हा पेंट. हा खर्च दरवर्षी होतो, आणि तो इमारत खराब करण्यावरच होतो.

नीट करायचं तर कसं? जुना सांधा हातछन्नीने खरवडायचा, ग्राइंडर लावायचा नाही, कारण ग्राइंडरचं पातं दगडाची कड खातं आणि सांधा रुंद होत जातो. खोली सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट, साधारण २० ते २५ मिलिमीटर. धूळ ब्रशने काढून सांधा भिजवायचा. चुना आधी विरवून निदान काही आठवडे पाण्याखाली मुरवलेला हवा. ताजा विरवलेला चुना भिंतीत गेल्यावर फुगतो. एक भाग चुना, तीन भाग वाळू आणि मुंबईच्या पावसासाठी त्यात विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, कारण सुरखीने चुना ओलसर हवेतही धरतो. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी पद्धत आहे; तिचा उपयोग होतो, पण ती सुरखीची जागा घेत नाही. सांधा दाबून भरायचा, दगडाच्या तोंडापासून किंचित आत ठेवायचा आणि आठवडाभर तरी ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा. काम दिवाळीनंतर सुरू करून एप्रिलच्या आत उरकायचं. मे महिन्याच्या उन्हात चुना धरण्याआधीच सुकतो आणि भुकटी होतो. जूनमध्ये केलं तर वाहून जातो.

यातलं काही अवघड नाही. महाग आहे असंही फारसं नाही. अडचण वेगळी आहे: रेल्वेच्या कामांचे दर ठरवणाऱ्या सूचीत सिमेंटचे सांधे, सिमेंटचा गिलावा, डिस्टेंपर, ॲक्रिलिक पेंट यांना चौरस मीटरचा दर असतो. मुरवलेल्या चुन्याचं काम वेगळा दर मागून, वेगळी मंजुरी घेऊन करावं लागतं. वार्षिक कंत्राट सगळ्यात कमी दरवाल्याला जातं, तो दहा-बारा स्टेशनं एकत्र घेतो, आणि त्याच्या गवंड्याला चिंचपोकळी आणि भायखळा यांत फरक करायला कोणी सांगितलेलं नसतं. शिवाय चौरस मीटरवर पैसे मिळणार असतील तर माणूस जास्तीत जास्त भिंत रंगवणार, हे उघड आहे. दगडाची भिंत मुळात रंगवायचीच नसते, पण "न रंगवण्याचे" पैसे कोणी देत नाही.

दगडाहून वाईट हाल बिडाच्या खांबांचे. फलाटावरच्या जुन्या छपरांना जे नक्षीचे खांब दिसतात, ते बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, आणि पुष्कळदा आतून पोकळ. त्या काळच्या इंजिनिअरांनी पोकळीचा उपयोग पावसाचं पाणी उतरवायला केला. छपरावरचं पाणी कडेच्या पन्हळीत, पन्हळीतून खांबाच्या डोक्यात, खांबातून खाली, आणि पायथ्याच्या भोकातून फलाटाखालच्या गटारात. बाहेर एकही पाइप नाही. देखणी व्यवस्था, फक्त पायथ्याचं भोक उघडं असेल तोवर.

मग फलाट उंच झाले. गाडी आणि फलाट यांतल्या फटीत माणसं पडून जखमी होत होती, मरत होती, मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वेला धारेवर धरलं आणि गेल्या दहा-बारा वर्षांत उपनगरी फलाट ९०० मिलिमीटरच्या वर नेले गेले. हे करायलाच हवं होतं. याबद्दल वाद नाही. पण उंची वाढवताना जुन्या खांबाभोवती सरळ काँक्रीट ओतलं की खांबाचा पायथा त्यात गाडला जातो आणि भोक बुजतं. पाणी आतच साचतं. ते वर चढतं, जिथे जोड असेल तिथून पाझरतं, आतून गंज धरतो. बाहेरून खांब दर वर्षी चंदेरी रंगाने चकचकीत. काँक्रीटची कड आणि लोखंड यांच्यात एक बारीक चर राहते, फलाट धुतला की त्यात पाणी उभं राहतं, आणि खांब नेमका त्या रेषेवर खाल्ला जातो. हे टाळायला लागतं फार थोडं. खांबाभोवती दीड-दोन इंचाची मोकळी फट ठेवायची, तिच्यावर काढता येणारी जाळी बसवायची आणि भोकाला नवीन गटारापर्यंत पाइप जोडायचा. एका खांबाला एका दिवसाचं काम. नकाशात दाखवलेलं नसेल तर कंत्राटदार ते कशाला करेल?

गंजाला मुंबईत आणखी एक जुनं कारण होतं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गाने पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर. डीसीमध्ये परतीचा प्रवाह रुळांतून जातो आणि थोडा जमिनीत झिरपतो; जमिनीतलं लोखंड त्याने झपाट्याने खाल्लं जातं. पश्चिम रेल्वेवर हा प्रकार २०१२ मध्ये थांबला, हार्बरवर अगदी एप्रिल २०१६ मध्ये, तिथे शेवटची डीसी लोकल धावली तेव्हा. म्हणजे जुन्या खांबांच्या पायांनी आणि पाइपांनी नव्वद वर्षं हे सोसलं आहे. गाडलेले पायथे उघडून बघण्याचं हे एक सबळ कारण आहे. डीसीच्या जागी एसी वीज आल्यावर नवीन भानगड आली: वायर आता २५,००० व्होल्टची, तिच्यापासून दोन मीटरच्या आत काम करायचं तर वीज बंद करून ब्लॉक घ्यावा लागतो, म्हणजे गाड्या थांबवाव्या लागतात. छपराच्या कडेची पन्हळ बहुधा याच टप्प्यात येते. म्हणून ती साफ होत नाही. ब्लॉक रुळांच्या कामाला मिळतो, पन्हळीतली पानं काढायला नाही.

पन्हळ तुंबली की पाणी मागे सरकून भिंतीच्या माथ्यावर जातं. तिथे कावळ्याने टाकलेलं पिंपळाचं बी रुजतं. मजूर येतो, वरून कापतो, फोटो काढतो, बिल होतं. कापलेला पिंपळ मुळाने जाड होतो, पुढच्या वर्षी दुप्पट फुटतो आणि दगड सरकवतो. मूळ जिथे शिरलंय तिथले दोन-चार दगड उतरवून ते समूळ काढायचं आणि पोकळी चुन्याने भरायची, याला पर्याय नाही. रोप वितीएवढं असताना हे अर्ध्या तासाचं काम असतं. मनगटाएवढं झालं की मचाण, ब्लॉक, मंजुरी, सगळं आलं. वांद्र्यासारख्या उतरत्या कौलारू छपराच्या स्थानकात भर पडते ती कौलांची. मंगळुरी कौल चौरस मीटरला साधारण १५ लागतात, आणि दरवर्षी त्यातली काही फुटणारच. एक कौल फुटून पाणी रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्टीवर, पडत राहिलं की दोन पावसाळ्यांत रीप कुजते, मग ओळच घसरते. स्टेशनात शंभरेक कौलं साठवून ठेवली तरी निम्मा प्रश्न सुटतो. त्याऐवजी वरून निळी ताडपत्री येते, आणि ती तिथेच राहते.

बिडाच्या खांबांचा आणखी एक शत्रू म्हणजे वेल्डिंगचं मशिन. इंडिकेटर लावायचा, पंखा लावायचा, सीसीटीव्ही लावायचा, जाहिरातीची पेटी लावायची, केबलचा ट्रे न्यायचा: सोपा मार्ग म्हणजे खांबाला लोखंडी पट्टी वेल्ड करणं. पोलादाला हे चालतं. बीड ठिसूळ असतं. एका जागी तापवून गार झालं की वेल्डच्या कडेने तडा जातो, कधी लगेच, कधी वर्षाने. रंगाखाली तो दिसत नाही. बिडाच्या खांबाला काहीही अडकवायचं तर गोल क्लॅम्प, आत रबराचा पट्टा, बोल्ट गंजरोधक पोलादाचे. एवढंच. आणि दगडी भिंतीत भोक पाडायचंच असेल तर ते दगडात पाडायचं नाही, सांध्यात पाडायचं. सांधा उद्या पुन्हा भरता येतो.

ही गोष्ट कोणाला तरी सांगायची, तर सांगायची कोणाला? रेल्वेत इमारत इंजिनिअरिंग विभागाच्या वर्क्स शाखेची. दिवे-पंखे इलेक्ट्रिकलचे. इंडिकेटर, घोषणांचे कर्णे, केबल सिग्नल आणि टेलिकॉमच्या. स्टॉल आणि जाहिराती कमर्शियलच्या. कॅमेऱ्यांमागे सुरक्षा दल. स्टेशन मास्तर या सगळ्यांना फक्त निरोप देऊ शकतो. प्रत्येक विभाग आपापल्या कामाची निविदा काढतो आणि आपापलं भोक पाडतो. इमारत एक, मालक पाच, आणि नाही म्हणायचा अधिकार एकालाही नाही. हे बदलायला नवीन खातं नको, समिती तर नकोच. प्रत्येक वारसा स्थानकासाठी वर्क्स शाखेतला एक वरिष्ठ सेक्शन इंजिनिअर नेमून द्यावा आणि त्याची लेखी परवानगी असल्याशिवाय कुठल्याही विभागाच्या कंत्राटदाराचं बिल पास होऊ नये. रेल्वेत नियम पाळले जातात की नाही हे माहीत नाही, बिलं मात्र काटेकोर तपासली जातात.

कायद्याने हे होणार नाही का, असं कोणी विचारेल. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, देशातली पहिली. पहिली श्रेणी, दुसरी अ, दुसरी ब, तिसरी, आणि सल्ल्याला वारसा समिती. पहिल्या श्रेणीच्या इमारतीत आत-बाहेर अत्यावश्यक सोडून बदल करू नये, असं ती सांगते. पण रेल्वे केंद्र सरकारची, आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम ११ रेल्वेला बांधकामाचे आणि देखभालीचे व्यापक अधिकार देतं, तेही इतर कायद्यांत काही असलं तरी, अशा शब्दांत. त्यामुळे महापालिकेची श्रेणी रेल्वेच्या कुंपणापाशी विनंती होऊन जाते. शिवाय श्रेणी अख्ख्या इमारतीला मिळते. तिच्यातला कोणता खांब, छपराचा भार पेलणारी कोणती कैची, कोणती फरशी, कोणती पाटी जपायची, हे यादीत लिहिलेलं नसतं. मग "मुख्य इमारतीला हात लावलेला नाही" असं खरंखुरं उत्तर देऊन फलाटावरचं मूळ छप्पर उतरवता येतं. उपनगरी स्थानकात खरा वारसा बहुतेक वेळा त्या छपरातच असतो. रे रोडचंच बघा. हार्बर मार्ग १९१० मध्ये कुर्ल्याहून रे रोडपर्यंत आला, तेव्हाचं ते टोकाचं स्थानक. तिथे बघण्यासारखं आहे ते लोखंडकाम.

म्हणून पहिली गरज आहे सुट्या भागांच्या यादीची. प्रत्येक वारसा स्थानकाचा मोजणीनकाशा, त्यावर प्रत्येक खांबाला क्रमांक, प्रत्येक खिडकीला क्रमांक, कोणता भाग मूळचा, कोणता नंतरचा, कशाचा बनलेला, कोणत्या स्थितीत. आज हे काम लेझर स्कॅनिंगने फलाट बंद न करता होतं. सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालय भायखळ्यापासून तीन स्टेशनांवर आहे. दरवर्षी तिथल्या विद्यार्थ्यांनी एक स्थानक मोजलं तरी काही वर्षांत संच पुरा होईल. हा नकाशा निविदेला जोडला की कंत्राटदाराला "माहीत नव्हतं" म्हणता येत नाही.

याच भायखळ्यात, स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये उघडलेलं. २००३ मध्ये महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा जपणारी संस्था इंटॅक यांनी त्रिपक्षीय करार केला, २००५ मध्ये त्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुलं झालं. तिथे दुरुस्तीइतकाच विचार नंतरच्या कारभाराचा झाला: ते चालवायला विश्वस्त मंडळ आलं. इमारतीला कायमचा पालक मिळाला. देणगीदाराच्या पैशावर स्थानक दुरुस्त करण्यात गैर काहीच नाही, पण देणगीसोबत पुढच्या वीस वर्षांची देखभाल लिहून घेतली नाही, तर वीस वर्षांनी दुसरा देणगीदार शोधावा लागतो.

याच्या विरोधात जो मुद्दा मांडला जातो तो गांभीर्याने घ्यायला हवा: लोकांचे जीव महत्त्वाचे की दगड? २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड आणि परळला जोडणाऱ्या अरुंद पुलावर २३ माणसं चेंगरून गेली. कोरोनाआधी मुंबईच्या लोकलने रोज ७५ लाखांच्या घरात माणसं फिरत होती. तिथे नक्षीच्या खांबाची चिंता करणं चैनीचं वाटू शकतं. पण त्या पुलावर माणसं गेली ती पुलाची रुंदी वर्षानुवर्षं वाढवली नाही म्हणून. वारसा आडवा आला म्हणून नव्हे. आणि जे जुनं खरोखर आड येतं, ते पाडावंच. हॅनकॉक पूल २०१६ मध्ये पाडला, १८६८ चा कर्नाक पूल २०२२ मध्ये. त्यांखालून जाताना गाड्यांना उंची पुरत नव्हती, पूल थकले होते. त्यांच्यासाठी रडण्यात अर्थ नव्हता. चालत्या रेल्वेत सगळंच जपता येत नाही, आणि सगळंच जपा म्हणणारे वारसाप्रेमी आपलाच पक्ष कमकुवत करतात.

स्थानकात मात्र सोय आणि वारसा यांचं भांडण बहुतेक वेळा जागेच्या निवडीचं असतं. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरहून लांब, पंधरा डब्यांची त्याहून कितीतरी. जुनी इमारत आणि तिचं मूळ छप्पर फलाटाच्या त्यातल्या एका तुकड्यावर असतं. नवा पूल, सरकता जिना, लिफ्ट हे उरलेल्या लांबीवर, स्वतःच्या खांबांवर, जुन्या छपराला न टेकता उभं करता येतं. गर्दीच्या दृष्टीनेही तेच बरं, कारण सगळे जिने एका जागी आले की तिथेच कोंडी होते. जुन्या छपराखालचे स्टॉल आणि बंद पडलेल्या मशिनच्या पेट्या हलवल्या तर फलाटाची रुंदी फुकट वाढते. भायखळ्याच्या कामात असे आडोसे काढणं हा एक भाग होता, आणि तो प्रवाशाच्याही फायद्याचा.

रेल्वेच्या स्थानकं सुधारायच्या अमृत भारत योजनेचा उल्लेख टाळता येणार नाही. मे २०२५ मध्ये या योजनेखालच्या शंभरावर स्थानकांचं उद्घाटन झालं, त्यात मुंबईतली परळ, चिंचपोकळी, माटुंगा, वडाळा रोड होती. स्वच्छतागृहं, रॅम्प, पाट्या, प्रकाश यांची गरज होतीच. धोका आहे तो अशा योजनांच्या ठरावीक सामानाचा: ग्रॅनाइटचं आच्छादन, ॲल्युमिनियमचे पत्रे, खोटं छत. खोटं छत वारसा स्थानकात कधीच येऊ नये. सौंदर्य हा दुय्यम मुद्दा. खोट्या छतामागे कैचीचा जोड गंजतोय की नाही हे कोणालाच दिसत नाही. गळतीचा डाग दिसतो तोवर उशीर झालेला असतो. ॲसिडने फरशी धुणाऱ्या सफाई कंत्राटालाही हेच लागू: ॲसिड चुना खातं, पोरबंदरी दगड खातं. साबणाचं साधं पाणी आणि ब्रश पुरतो.

आणि नावं. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या आठ स्थानकांची नावं बदलण्याचा प्रस्ताव मंजूर केला: करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, मुंबई सेंट्रलला नाना शंकरशेठ यांचं नाव. नानांना तो मान कधीच मिळायला हवा होता. पण स्थानकांच्या इतिहासावर विधिमंडळात जेवढा वेळ खर्च झाला, तेवढ्यात एखादा आमदार विचारू शकला असता की सँडहर्स्ट रोडच्या खालच्या-वरच्या फलाटांचं लोखंड शेवटचं कधी तपासलं. नावाची पाटी बदलायला एक दिवस लागतो. हे विचारायला एक तारांकित प्रश्न पुरला असता.

पैशाचं म्हणाल तर नवीन तरतूद मागायचीही गरज नाही. या स्थानकांवर जाहिराती आणि स्टॉल यांचं भाडं येतं, चित्रीकरणासाठीही रेल्वे शुल्क घेते. त्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा त्याच स्थानकाच्या देखभालीसाठी राखून ठेवायचा. कंत्राट वेगळं काढायचं, तीन ते पाच वर्षांचं, फक्त वारसा स्थानकांचं, आणि त्यात चौरस मीटरऐवजी कामाच्या फेऱ्या मोजायच्या: मे महिन्यात पन्हळी आणि खांबांची भोकं साफ, जुलैत भर पावसात पाहणी, कारण गळती पावसातच कळते, ऑक्टोबरात रोपं काढणं, नोव्हेंबर ते एप्रिल सांधे आणि लाकूडकाम. लोखंडाचा जुना रंग खरवडताना कामगाराला मास्क सक्तीचा, कारण तळचा थर बहुधा शेंदराचा, म्हणजे शिशाचा असतो. पन्हळीसाठी वर्षातून दोन रात्री एक ते चारचा वीज-ब्लॉक आधीच वेळापत्रकात लिहून टाकायचा. कंत्राटदाराकडे चुन्याचं काम येणारे निदान दोन गवंडी हवेत, आणि त्यांनी आधी एक मीटर भिंत करून दाखवायची. ती मंजूर झाली तरच पुढे.

सुरुवात रे रोडपासून व्हावी. भायखळ्यावर सध्या लक्ष आहे, वांद्र्यावर अधूनमधून असतं. रे रोडच्या बाजूला गोदामं आणि गोदीची उरलीसुरली वस्ती. तिथे फोटो काढायला कोणी जात नाही आणि देणगीदारालाही ते स्थानक सुचत नाही. लोखंड जास्त, समुद्र जवळ, खारी हवा. पुढच्या पावसाळ्याआधी तिथल्या प्रत्येक खांबाचा पायथा फूटभर उघडून बघावा आणि जाडी मोजावी. अल्ट्रासोनिक मापकाने एका खांबाला काही मिनिटं लागतात.